कळण्याची भाकरी, वरण-बट्टी आणि शंभर रुपयांची नोंदणी

२०२३ च्या संक्रांतीनंतर दोन दिवसांनी अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, रिपोर्ट आला. एचबीएवनसी ७.१. साडेसहा किंवा त्याच्या वर आलं की मधुमेह धरतात हे मला तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ही एका दिवसाची साखर नाही, मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी आहे, त्यामुळे परवा तिळाचे लाडू खाल्ले म्हणून वाढली असं समजू नका. आम्ही अगदी तेच समजत होतो. गोळ्या सुरू झाल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद लिहून दिला. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ किंवा डाळ, पालेभाजी भरपूर, कोशिंबीर आधी खायची, भात अर्धी वाटी.

आम्ही मूळचे जळगावकडचे, नाशिकला येऊन एकोणीस वर्षं झाली. भाकरी घरात नवीन नव्हतीच पण इथे आल्यावर पोळ्यांची सवय लागली होती आणि भाकरी म्हणजे फक्त भरीत असेल त्या दिवशी असं होऊन बसलं होतं. मग मी कळण्याचं पीठ पुन्हा सुरू केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे काळे उडीद, सालासकट, आणि मूठभर जाडं मीठ, असं एकत्र दळून आणायचं. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास प्रथिनं असतात, उडदात चोवीसच्या आसपास, त्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा ही भाकरी जास्त वेळ पोटाला धरून राहते. गिरणीत एक गोष्ट सांभाळायची, गव्हाच्या मागे कळणा दळायला टाकू नका, ज्वारी-बाजरीच्या मागे टाका, नाहीतर पहिलं किलोभर पीठ मिसळून येतं.

वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंनी एकदा आमच्याकडे ही भाकरी आणि मेथीची डाळभाजी खाल्ली आणि काकू म्हणाल्या, "अगं, आम्हा दोघांचा पण टाकत जा ना, पैसे देऊन हं, तसं नको." तिथून सुरुवात झाली. फेब्रुवारीत तीन डबे, गुढीपाडव्यापर्यंत नऊ. त्या वर्षी सगळीकडे भरडधान्यांची चर्चा होती, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं होतं, बजेटमध्ये 'श्रीअन्न' हा शब्द आला होता, त्यामुळे ज्यांनी वर्षानुवर्षं भाकरी खाल्ली नव्हती ते पण विचारायला लागले. ज्वारीचा दर मात्र वर्षभर चढतच गेला, आणि डब्याची किंमत ठरवताना मी तो धरलाच नव्हता.

डब्यातली भाकरी हा वेगळाच विषय आहे, त्यावर मी पहिले दोन महिने घालवले. तव्यावरून उतरलेली भाकरी छान पण डबा दुपारी एकला उघडला की कडक. लोक चांगले होते, तक्रार करत नव्हते, पण डब्यात कडा परत यायच्या, तेव्हा कळायचं. तीन गोष्टींनी फरक पडला. पीठ उकळत्या पाण्यात मिसळून झाकून ठेवायचं आणि कोमट झाल्यावर चांगलं दहा मिनिटं मळायचं, हा वेळ वाचवू नका. भाकरी झाली की लगेच डब्यात न टाकता टोपलीत उभी ठेवायची म्हणजे वाफ निघून जाते, नाहीतर डब्यात पाणी सुटतं आणि खालची भाकरी ओली, वरची कडक असं होतं. आणि मग सुती रुमालात घट्ट गुंडाळायची. फॉइल वापरून पाहिलं, उपयोग नाही. कोशिंबिरीचं मीठ वेगळ्या कागदी पुडीत द्यायला लागले कारण मीठ घालून पाठवली की एक वाजेपर्यंत नुसतं पाणी.

मार्चच्या शेवटी एका ऑफिसमधून विचारणा आली, रोज बारा डबे, महिन्याचं एकत्र बिल. मला इतका आनंद झाला की रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अकाउंट्सच्या मुलीचा फोन आला, ताई, बिलावर एफएसएसएआय नंबर लागेल, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी केल्यावर मिळतो तो. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर तो नंबर टाकणं बंधनकारक झालंय हे तिनेच मला सांगितलं. माझ्याकडे नंबरच नव्हता. मी म्हटलं देते लवकर, आणि फोन ठेवल्यावर मात्र छातीत धडधडायला लागलं, कारण मी आजवर एकही सरकारी फॉर्म स्वतः भरला नव्हता, घरातले ते सगळे व्यवहार कायम ह्यांच्याकडे.

आता जे सांगणारे ते सांगायला मला जड जातंय पण सांगते, कारण कोणीतरी हीच चूक करत असेल.

२२ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात आणि खान्देशात आखाजीला खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई आणि रशी, म्हणजे तिखट आमटी, झाल्याशिवाय सण होत नाही. माझ्या आईने दिलेलं मातीचं खापर अजून माझ्याकडे आहे, ते चुलीवर उलटं ठेवून त्यावर हातावर फिरवून मोठी केलेली पोळी टाकायची, रुमालासारखी पातळ. फ्लॅटमध्ये चूल नाही म्हणून मी गॅसवर करते, मध्यभागी जास्त तापतं, कडेला कमी, म्हणून खापर सारखं फिरवावं लागतं. तर मी त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकलं की खापरावरची पुरणपोळी मिळेल, आणि पुढे लिहिलं, 'गुळाची, शुगर फ्री'. मला खरंच तसंच वाटत होतं. साखर नाही, गूळ आहे, म्हणजे शुगर फ्री.

सणाच्या दुसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन आला. त्यांच्या आईला बारा वर्षांपासून मधुमेह, त्यांनी स्टेटस वाचून चार पोळ्या मागवल्या होत्या आणि आईंनी निश्चिंत मनाने दोन खाल्ल्या, वर आमरस. रात्री चक्कर, मीटरवर साखर २९० च्या पुढे. नशिबाने ॲडमिट करावं लागलं नाही. ताई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तुम्ही शुगर फ्री लिहिलं होतं ना, म्हणून दिली मी." मी फोन ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले, हातपाय गार पडले होते. माझ्या घरात अण्णा आहेत, मी त्यांना पोळीचा चतकोर मोजून देते, आणि दुसऱ्याच्या आईला मी काय लिहून पाठवलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की 'शुगर फ्री' लिहायचं असेल तर शंभर ग्रॅम पदार्थात साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आहे, दाव्यांसाठी २०१८ पासून वेगळे रेग्युलेशन्स आहेत. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. रंग वेगळा, चव वेगळी, थोडी खनिजं असतात, पण रक्तात गेल्यावर शरीराला तो साखरच. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही पदार्थावर मी 'हेल्दी', 'डाएट', 'डायबेटिक' असले शब्द लिहीत नाही. काय काय घातलंय आणि किती घातलंय ते लिहिते. कोणी विचारलं की आमच्या बाबांना चालेल का, तर सांगते की ह्यात एवढा गूळ आहे, एवढं तूप आहे, डॉक्टरांना विचारून घ्या.

ह्या प्रसंगाने नोंदणीची भीती पण गेली. कारण आता ते बिलापुरतं राहिलं नव्हतं, मला वाटायला लागलं की आपण लोकांच्या पोटात जाणारं करतो तर आपली कुठेतरी नोंद असली पाहिजे.

एका एजंटला विचारलं तर अडीच हजार सांगितले. सरकारी फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती हे त्याने सांगितलं नाही, ते मला एफएसएसएआयच्या पोर्टलवर दिसलं. ज्यांची वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत होती त्यांना तेव्हा लायसन्स लागत नव्हतं, साधी नोंदणी पुरायची, तिचा फॉर्म म्हणजे फॉर्म ए. एक ते पाच वर्षं, जितक्या वर्षांची हवी तितक्यांची फी एकदम भरता यायची. हे सगळं मी केलं तेव्हाचं, २०२३ चं, सांगतेय, मर्यादा आणि नियम बदलत असतात म्हणून भरायच्या आधी पोर्टलवर एकदा बघाच.

पोर्टलचं नाव फॉसकॉस. ९ मे, मंगळवार, दुपारी डबे गेल्यावर बसले. आधी राज्य निवडायचं, मग व्यवसायाचा प्रकार, त्यात मी बराच वेळ अडकले कारण रेस्टॉरंट, केटरर, किरकोळ विक्रेता असं बरंच काही आहे आणि मी ह्यातली कुठलीच नाही असं वाटत होतं. नीट खाली पाहिलं तर घरगुती कँटीन आणि डबेवाले असा प्रकार दिलाय, माझ्यासारख्यांसाठीच. कागद म्हणाल तर फोटो आणि ओळखपत्र. फोटोची फाइल मोठी होती म्हणून अपलोड होईना, मुलाने लहान करून दिली. स्वच्छतेच्या नियमांचं एक स्वयंघोषणापत्र असतं, ते सगळे डोळे मिटून टिक करतात, तुम्ही करू नका, एकदा वाचा, कारण तपासणीला आले की तेच विचारतात. मी पाच वर्षांचे ५०० रुपये भरले. शेवटी अर्जाचा नंबर येतो तो लगेच लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, मला नंतर तीनदा लागला.

तीन दिवसांनी, १२ मेला, मेसेज आला की अर्जात त्रुटी आहे. मी घाबरले, वाटलं संपलं सगळं. उघडून पाहिलं तर एवढंच, माझ्या आधारवर जळगावचा माहेरचा पत्ता होता आणि व्यवसायाचा पत्ता नाशिकचा, तर जागेचा पुरावा द्या. आधारवरचा पत्ता इतकी वर्षं बदलून घ्यायचा राहिला होता. बायकांनो, हे तुमचंही असेल तर आधी बघून घ्या. तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होतो, त्यामुळे मेसेज आणि मेल दोन्ही रोज बघायचे. फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे म्हणून मी लाइट बिल आणि ह्यांचं एक साध्या कागदावरचं संमतीपत्र जोडलं, की माझ्या पत्नीला ह्या जागेतून डब्याचा व्यवसाय करायला माझी हरकत नाही. ते पत्र लिहिताना हे बराच वेळ पेन हातात घेऊन बसले होते आणि मग म्हणाले, "हे मी आधीच द्यायला हवं होतं." मला ते शब्द अजून आठवतात. १५ मेला उत्तर पाठवलं.

नियमात असं आहे की सात दिवसांत एकतर नोंदणी द्यायची, नाहीतर कारण देऊन नाकारायची, नाहीतर तपासणीची नोटीस द्यायची. मला तपासणीचा फोन आला, २४ मेला येतो म्हणून. मधल्या दिवसांत मी जे केलं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. पेस्ट कंट्रोल १,२०० रुपये. वॉटर फिल्टरची कँडल आणि मेंब्रेन बदललं, १,६५०. फॅमिली डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट, ३००. आणि गॅस. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, हे बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेक दुर्लक्ष करतात, मी पण करत होते. १९ किलोचा कमर्शियल घेतला, तो तेव्हा अठराशेच्या पुढे होता आणि त्याचा दर दर महिन्याला बदलतो, डिपॉझिट धरून साडेचार हजार गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींना पण आधी जाऊन भेटले, बाहेरच्या लोकांची ये-जा होणार नाही, डबे मीच खाली नेऊन देईन असं सांगितलं, त्यांनी मीटिंगच्या वहीत नोंद करून घेतली. हे फॉर्ममध्ये कोणी मागत नाही पण शेजाऱ्यांना बाहेरून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं.

२४ तारखेला मॅडम आल्या, पंधरा-वीस मिनिटं होत्या. पाणी कुठून येतं, टाकी कधी धुतली, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का, कच्चं आणि शिजलेलं फ्रीजमध्ये वेगळं ठेवता का, डाळी-पिठं जमिनीपासून वर आहेत का. माझं पिठाचं पिंप थेट फरशीवर होतं, त्या म्हणाल्या खाली लाकडी पाट किंवा स्टँड घ्या, ओल लागते आणि मागची जागा झाडता येत नाही. तेवढंच एक काढलं. मग अण्णांनी स्वतःहून ताक आणून दिलं त्यांना, त्या नको म्हणाल्या, ड्यूटीवर घेत नाही म्हणून, पण कळण्याच्या पिठाचं प्रमाण लिहून घेऊन गेल्या.

१ जूनला, गुरुवारी सकाळी, भाकऱ्या थापत असताना मेसेज आला. चौदा आकडी नंबर, पहिला आकडा २, म्हणजे नोंदणी, लायसन्सचा १ ने सुरू होतो. हात पिठाचे होते म्हणून मुलाला वाचून दाखवायला सांगितलं. अर्ज ते कागद, तेवीस दिवस. त्याच आठवड्यात उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची, सरकारी नोंदणी पण करून टाकली, ती पूर्ण फुकट आहे आणि आधार-पॅनवरून होते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या खाजगी वेबसाइट्स सर्चमध्ये वर येतात, तिकडे भरू नका.

ऑफिसचे बारा डबे ५ जूनपासून सुरू झाले. भांडी बाजारातून चोवीस स्टीलचे डबे आणले, ३८० ला एक, म्हणजे ९,१२० रुपये, एक संच जाणार, एक धुऊन तयार. सगळं धरून ह्या काळात सतरा हजारांच्या थोडं वर गेले, त्यातले सरकारला फक्त पाचशे.

आणि मग हिशोब बसेना. मी डबा ९० ला देत होते. मुलाने एक दिवस बसवून मोजायला लावलं, धान्य, डाळी, भाजी, तेल, दही मिळून ४६, गॅस ७, पोहोचवणाऱ्या मुलाचे १५, साबण, रुमाल, कागदी पुड्या वगैरे ५. म्हणजे ७३. माझ्या पहाटे पाचपासूनच्या कामाचे डब्यामागे सतरा रुपये. वाईट वाटलं खूप. काकू म्हणाल्या वाढव की, घाबरतेस काय. जुलैपासून १२० केले, दोन डबे बंद झाले, बाकीचे राहिले. तुम्ही सुरुवात करत असाल तर पहिल्याच दिवशी तराजू आणि वही घेऊन बसा, आपल्या वेळेचे पैसे पण लिहा, आणि ज्वारीचा दर आजचा न धरता चार-पाच रुपये वरचा धरा.

आता दुसऱ्या बाजूबद्दल. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमधली मंडळी कंटाळली. चवीबद्दल काही म्हणणं नव्हतं पण रोज भाकरी, रोज उसळ. एकाने चिठ्ठी टाकली डब्यात, 'ताई शेवभाजी कधी?' मला आधी वाटलं की नको, आपण तब्येतीचा डबा देतो आणि त्यात लाल तर्रीची शेवभाजी कशी द्यायची. मग मधला मार्ग म्हणून मी बट्टी बेक करून पाहिली, गव्हात ओट्स घालून, तेलाशिवाय. वरण-बट्टी म्हणजे आमच्याकडचं लग्नाकार्यातलं जेवण, जाड दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडा मका, ओवा, हळद, मोहन, त्याचे गोळे उकडायचे, कापायचे आणि तळायचे, मग त्यावर घट्ट वरण, वरून तूप, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. माझी ओव्हनमधली बट्टी वाळूसारखी झाली, कुस्करली की भुगा, वरण पिऊन टाकायची आणि तरी घशात अडकायची. अण्णांनी एक घास घेतला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाळा, महिन्यातून एकदा दे, पण बट्टी दे."

तेव्हा ठरवलं ते आजतागायत तसंच आहे. सोमवार ते शुक्रवार साधा डबा. एक शनिवार आड वरण-बट्टी आणि शेवभाजी, जशी करतात तशीच, तळून, तूप घालून, काही लपवायचं नाही आणि काही कमी करायचं नाही. ऑर्डर शुक्रवारी दुपारपर्यंत घेते म्हणजे उरत नाही. पहिल्या शनिवारी २६ ताटं गेली, आणि नावं लिहिताना लक्षात आलं की ह्यातली सतरा जणं आठवडाभर माझ्याच भाकऱ्या खाणारी आहेत. मला ह्यात काही चूक वाटत नाही. आठवडाभर ज्या माणसाला पोटभर चांगलं मिळतं तो शनिवारी दोन बट्ट्यांवर थांबतो, हे मी परत आलेल्या डब्यांवरून आणि वाढून घेणाऱ्यांच्या सांगण्यावरून बघतेय. घरात तर समोरच दिसतं. अण्णांना मी एक बट्टी वाढते, ते तिचे आठ तुकडे करतात आणि सावकाश खातात.

त्यांचा एप्रिलच्या शेवटी दुसरा रिपोर्ट झाला होता, ६.८, आणि ऑगस्टमध्ये तिसरा, ६.५. गोळ्या चालू आहेत, रोजचं चाळीस मिनिटं चालणं आहे, त्यामुळे भाकरीनेच झालं असं मी कोणाला सांगत नाही. आहारतज्ज्ञ बाई पण म्हणाल्या, भाकरी म्हणजे औषध नव्हे, चार खाल्ल्या तर तीही साखर वाढवतेच.

शेवटची मोठी परीक्षा अधिक महिन्यात झाली. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि जावयाला तेहेतीस अनारसे द्यायची पद्धत. चार घरांतून ऑर्डर आली, १३२ अनारसे. मी घरच्यापुरते दिवाळीला करायचे, वीस-पंचवीस. हो म्हणून बसले.

जुना जाड तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी सावलीत पंचावर पसरायचा, आणि दाबल्यावर बोटाला जराशी ओल लागेल इतपतच सुकला की दळायचा. पावसाळ्यात हेच अवघड, नाशिकला तेव्हा झड लागली होती, तांदूळ सुकेचना, मी पंख्याखाली ठेवून पहाटेपर्यंत हात फिरवत बसले. एक किलो तांदळाला पाऊण किलो गूळ किसून, एकत्र करून, गोळे डब्यात बंद, पाच दिवस. ३० जुलैला पहिला घाणा टाकला, तुपात सोडलेला अनारसा एका सेकंदात विरघळला. जाळी पडायच्या ऐवजी तो पसरत गेला, खसखस तुपावर तरंगायला लागली आणि कढईत तपकिरी चुरा. ह्याला आमच्याकडे अनारसा हसला म्हणतात. दुसरा पण हसला. तिसरा पण. सहा अनारशांचं तूप गेलं आणि मी गॅस बंद करून खाली पाटावर बसले, डोळ्यात पाणी आलं, चार घरची लग्नं झाल्यानंतरची पहिली धोंडं होती ती.

आईला फोन केला. ती म्हणाली, गूळ ओला आलाय, पावसाळ्यातला गूळ पाणी धरतो, मुठीमुठीने कोरडी तांदळाची पिठी मळत जा आणि प्रत्येक मुठीनंतर एकच तळून बघ. चौथ्या मुठीनंतरचा अनारसा तुपात गेला आणि टिकला. कडेने बारीक बुडबुडे यायला लागले, मग मधे जाळी उघडायला लागली, मी झाऱ्याने तूप वरून सोडत राहिले, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही. गुलाबी झाल्यावर काढला आणि उभा ठेवला तूप निथळायला. मी त्या एका अनारशाकडे बघत किती वेळ उभी होते मला माहीत नाही.

१३२ पुरे व्हायला दोन दिवस लागले. पाकिटावर चिठ्ठी लावली, तांदूळ, गूळ, तूप, खसखस, जास्त वजनाचं आधी असा क्रम, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचे, हिरव्या चौकटीतला हिरवा गोल, माझं नाव-पत्ता आणि तो चौदा आकडी नंबर. 'शुगर फ्री' वाचून ज्यांच्या आईला त्रास झाला होता त्या ताईंकडे पण एक पाकीट जायचं होतं, त्यांच्या बहिणीच्या जावयासाठी. त्यांनी चिठ्ठी वाचली, फोटो काढला आणि मला पाठवून फक्त लिहिलं, "आता बरोबर आहे." आणि त्याच संध्याकाळी आईंसाठी सोमवारपासून साधा डबा लावला, दोन भाकऱ्यांचा.

नोंदणीचा कागद पिठाच्या पिंपाच्या वर, भिंतीवर, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये लावलाय. पिंपाखाली आता पाट आहे.